हातपाटीचा परवाना काकांच्या नावावर, मग खाडीत जे चालेल त्याची जबाबदारी कुणाची?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. वाचतो नेहमी, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरात हातपाटीचा वाळू परवाना काकांच्या नावावर आहे. खाडी कोणती ते लिहीत नाही, रत्नागिरी जिल्हा एवढं पुरे. काका आणि वाडीतले आणखी दोघं, एक होडी, ओहोटीला जायचं, पाटीने वाळू भरायची, भरती लागली की परत. आजोबांपासून हेच चाललंय.

गेल्या महिन्यात एक माणूस घरी येऊन बसला. म्हणणं असं की परवाना तुमच्याच नावावर राहू दे, तुम्ही पाण्यात उतरायची पण गरज नाही, होड्या आमच्या, पंप आमचा, माणसं आमची, तुम्हाला महिन्याला ठरलेली रक्कम घरपोच. काकांचे गुडघे गेलेत, काकी म्हणते घरबसल्या मिळतंय तर घ्या. मला पटत नाही, पण नुसतं पटत नाही म्हणून मोठ्या माणसासमोर उभं राहता येत नाही.

त्यातच माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियात असतो, तो सुट्टीच्या दिवशी ओढ्यात सोनं धुवायला जातो, हौस म्हणून. त्याने आपला परवाना व्हॉट्सॅपवर पाठवला आणि सोबत काय करायचं काय नाही त्याची भलीमोठी यादी. चिमूटभर सोन्यासाठी तिकडे एवढं पाळतात आणि आमच्याकडे ब्रासवर ब्रास (ब्रास म्हणजे वाळू मोजायचं माप) वाळू निघते, पण परवानेवाल्याने काय पाळायचं हे आम्हाला कुणी समोर बसवून सांगितलेलं नाही. तर प्रश्न दोन. परवान्यावर ज्याचं नाव त्याची जबाबदारी नेमकी कुठपर्यंत? आणि नाव देऊन पैसे घेण्यात धोका किती? ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

पाटीवाला_आबा
देऊ नको. बाकी दुपारी लिहितो, आता ओहोटी लागलीय.

जांभा
आबांनी पहिल्याच प्रतिसादात धागा आटोपला :)

मेलबर्न_मालवणी
मी पण व्हिक्टोरियातच, मूळ गाव मालवण तालुक्यात. तुझ्या भावाच्या कागदाला इकडे मायनर्स राइट म्हणतात. थोड्याच डॉलरांत मिळतो, दहा वर्षं चालतो, आणि सापडलेलं सोनं तुमचं. त्याच्या बदल्यात जे पाळायचं ते असं की फक्त हाताची अवजारं, म्हणजे फावडं, कुदळ, चाळण, धुवायची थाळी. यंत्राने खणायचं नाही. खणलेला खड्डा बुजवूनच निघायचं. झाडझुडूप तोडायचं नाही. इथल्या मूळनिवासी लोकांच्या जुन्या जागा, वस्तू दिसल्या तर हात लावायचा नाही. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारून. राष्ट्रीय उद्यानं बहुतेक बंद, काही ओढे आणि नद्यांचे भागही बंद, ते आधी नकाशावर बघून जायचं, "मला माहीत नव्हतं" चालत नाही. कागद जवळ हवा, अधिकाऱ्याने मागितला की दाखवायचा. आणि तुझ्या प्रश्नाचं महत्त्वाचं म्हणजे हा परवाना दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. ज्याचं नाव त्यानेच धुवायचं.

हे सगळं आभाळातून पडलेलं नाही बरं का. १८५१ मध्ये इकडे सोनं सापडलं आणि लोंढा लागला. सरकार सुरुवातीला दर महिन्याला तीस शिलिंग फी घ्यायचं, सोनं मिळो न मिळो, आणि पोलीस लायसन्स तपासत फिरायचे. लोक वैतागले, डिसेंबर १८५४ मध्ये बॅलरॅटला युरेका म्हणून जागा आहे तिथे खाणवाल्यांनी लाकडी कोट उभारला, सैन्य चालून आलं, माणसं मेली. त्यानंतर १८५५ मध्ये वर्षाला एक पौंडाचा हा परवाना आला आणि त्याच्याबरोबर मताचा हक्कही. म्हणजे तो कागद लोकांनी भांडून मिळवलाय, म्हणून जपतात. मी स्वतः रविवारी जातो तेव्हा बघतो, म्हातारे लोक दुसऱ्याने सोडलेला खड्डा पण बुजवून जातात.

गाडीवाला_राजापूर
सगळं छान आहे पण ऑस्ट्रेलियातला माणूस हौसेने जातो, त्याला सोमवारी पगाराची नोकरी आहे. काकांना ती वाळू म्हणजे मीठभाकरी. दोन्ही एका तागडीत टाकू नका. माझी स्वतःची गाडी आहे, बँकेचा हप्ता आहे, वाळू बंद झाली की घरी बसतो. परवाना मिळायला अर्धा हंगाम जातो, मिळेपर्यंत बांधकामवाले क्रश सँडकडे, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूकडे वळलेले असतात, मग उरलेल्या दिवसांत माणूस काय करणार? जबाबदारी जबाबदारी म्हणता ती फक्त परवानेवाल्याचीच का?

मेलबर्न_मालवणी
दादा, तुलना पोटाची करत नाही. कागदावरच्या नावाची करतोय.

कायदा_साधा
वकिली करते, पण हा सल्ला नाही, माहिती म्हणून वाचा. स्वतःच्या प्रकरणासाठी कागद घेऊन कुणाला तरी भेटा.

साधी वाळू हे गौण खनिज. १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्याच्या कलम १५ ने त्याचे नियम करायचा अधिकार राज्याला दिलाय, आपले गौण खनिज नियम २०१३ चे आहेत. विनापरवाना किंवा परवान्याबाहेर उपसा झाला तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ पोटकलम ७, दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत. पोटकलम ८ ने होडी, पंप, गाडी जप्त. केंद्रीय कायद्याच्या कलम २१ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलंय की खनिज कायद्याखाली कारवाई होऊ शकते म्हणून चोरीचा गुन्हा टळत नाही, दोन्ही लागू शकतात.

आता खरी गोम. किनारा नियमन क्षेत्रात म्हणजे सीआरझेडमध्ये वाळू उत्खननाला मुळात बंदी आहे. खाडीत भरती-ओहोटीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर हे क्षेत्र येतं. त्यातून सूट दिली ती पारंपरिक स्थानिक लोकांनी हाताने, बिनयंत्राच्या होडीने, टोपल्या-पाट्या वापरून वाळूचे पट्टे काढण्यापुरती. म्हणजे काकांना परवाना का मिळाला? ते स्थानिक आहेत, परंपरेने करतात आणि हाताने करतात म्हणून. समोरच्या माणसाच्या होड्या, त्याची बाहेरची माणसं आणि त्याचा तळातली वाळू ओढणारा सक्शन पंप आला की ज्या तीन पायांवर परवाना उभा आहे ते तिन्ही गेले. कागद भिंतीवर तसाच टांगलेला राहील, पण त्याखाली आधार काही उरणार नाही. आणि नोटीस कागदावरच्या नावाला येते, होडीवाल्याला नाही.

जांभा
ताई, पण ते तर म्हणतील की तोंडी व्यवहार आहे, पुरावा काय?

कायदा_साधा
तोंडी व्यवहार असेल तर जास्तच वाईट. तो माणूस हात वर करून मोकळा, काकांकडे "मी नव्हतोच" म्हणायला पुरावा नाही, उलट महिन्याला पैसे घेतले हे मात्र चार जणांना माहीत. आणि वाहतुकीचा पास काकांच्या परवान्यावर निघणार. महाखनिजवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर, पास कुणाच्या परवान्यावर, किती ब्रासचा, किती वाजता निघाला सगळं राहतं.

माडाखालचो
आमच्याकडे ह्या सगळा होऊन गेला. पयलो पंप इलो तेव्हा परवानो आमच्याच वाडीतल्या माणसाचो होतो, म्हणान कोण बोलाक नाय. मगे एकाचे चार झाले, रात्रीचे चलाक लागले, कोणाक झोप नाय. काठावरचे माड एकेक करून खाडयेत गेले. तेव्हा सगळे धावत कचेरीत गेले, तर कागदार नाव आमच्याच माणसाचा. पंपवाले होडये घेवन निघान गेले, नोटीस वाडीत इली. तो माणूस आज पण कोणाच्या नजरेक नजर देणा नाय. पैशे किती गावले ते इचारू नकात.

पाटीवाला_आबा
आलो. सगळं वाचलं, वकीलबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. मी हाताने वाळू काढणारा, तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

खाडीकाठचा, तुझ्या काकांना जे माहीत आहे तेच लिहितोय, पण तुला समोर मांडायला उपयोगी पडेल. हातपाटीवाला जागा बदलत राहतो. एका ठिकाणी खोल गेलं की पाटी पुरतच नाही, मग आपोआप पुढे सरकावं लागतं, आणि मागची जागा पुढच्या उधाणात, पावसाळ्यात भरून येते. हाताची ताकदच तुमची मर्यादा असते. पंपाला अशी मर्यादा नाही. तो एका जागी नांगर टाकून उभा राहतो आणि विहीर पाडतो, मग बाजूची वाळू त्या खड्ड्यात घसरते, मग काठ घसरतो. वरून पाणी सपाट दिसतं, खाली काय झालंय ते कुणाला दिसत नाही. आमच्या इथे गुडघाभर पाण्यातून म्हशी पार जायच्या तिथे आता बांबू पुरत नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं जे पाळतो ते असं. दिवसाउजेडीच. नेमून दिलेल्या गटातच, म्हणजे खाडीच्या ठरवून दिलेल्या तुकड्यातच, हद्दीचे बांबू वाहून गेले तर आपणच परत लावायचे. पुलाच्या, जेटीच्या, खारबंधाऱ्याच्या (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाच्या) आसपास नाही, कागदावर किती अंतर लिहिलंय ते बघून त्याच्याही पलीकडे राहतो. कांदळवनाच्या मुळाशी नाही. पावसाळ्यात होडी उलटी करून माडाखाली. आणि ब्रास मोजून. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरच्या किंचित वर, ओली वाळू असेल तर साडेचार-पाच टन भरते, त्यामुळे गाडीवाले "थोडी वर टाका आबा" म्हणतात तेव्हा ते थोडी म्हणजे किती ते मला चांगलं कळतं.

गाडीवाला_राजापूर
आबा टोमणा पोचला :) पण खरं सांगतो, मी जादा टाकत नाही, आमच्या रस्त्याला घाट आहे.

कालवंवाली
माझं पण ऐका. वाळूच्या धाग्यावर आम्ही बायका कधी नसतोच. आमच्या खाडीत वाळूचा जो दांडा ओहोटीला उघडा पडतो तिथे आम्ही मुळे, तिसऱ्या हे शिंपले काढायला जातो, खडकाकडे कालवं. घरचं कालवण होतं आणि उरलेलं बाजारात नेतो, त्यावर मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे निघतात. तिसऱ्या वाळूच्या वरच्या थरात असतात, वीतभर खाली. पंपाने तो थरच ओढून नेला की त्यांचं बीजच जातं आणि पुढे कितीतरी हंगाम तिथे काही मिळत नाही. दांडा गेला की आम्हाला उभं राहायलाच जागा नाही. परवाना देताना बैठक होते त्यात आम्हाला कोण बोलावतं का? तुमच्या परवान्यात आमचं नाव नाही पण आमचं पोट त्याच वाळूत आहे. हातपाटीवाल्यांशी आमचं भांडण कधी झालं नाही, ते ह्या बाजूला आम्ही त्या बाजूला, एकमेकांना हाका मारून काम करायचो.

काकीला हे सांगा. ती पण कधीतरी मुळे काढायला गेली असेल.

खाडीकाठचा
गेलीय की. अजून जाते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं ताई.

वाशिष्ठीकर
मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. त्यानंतर सगळं शहर एकच मागत होतं की वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढा, त्यासाठी आंदोलन झालं, मग यंत्रं लागली आणि गाळ निघाला. तेव्हा यंत्र वाईट, खोदणं वाईट असं सरसकट म्हणू नका. नदी भरून आली की पाणी आमच्या घरात येतं. वाळू नेणारा माणूस पण एका अर्थी नदी मोकळी करतो.

नकाशावाली
वाशिष्ठीकर, तुमचं दुःख खरं आहे आणि गाळ काढायला हवा होता हे पण खरं. पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरासाठी गाळ काढतात तेव्हा आधी नदीचे छेद घेतात, म्हणजे ठिकठिकाणी आडवं मोजमाप करतात, कुठे उंचवटा झालाय, किती काढायचं, तळाचा उतार कसा ठेवायचा हे ठरवतात, आणि काढलेलं कुठे टाकायचं ते पण. वाळूवाला गाळ नेतच नाही, त्याला स्वच्छ भरड वाळू हवी असते. ती मिळते तिथेच तो उभा राहतो, मग तो खड्डा पुराला उपयोगी असो नसो. शहराजवळ नदी उथळ आणि खाली खाडीत तीस फुटांचे डोह, असं झालं तर पुराला काय फायदा?

उलट खाडीचा तळ खोल गेला की भरतीचं खारं पाणी जास्त आत शिरतं. खारं पाणी जड, ते तळातून पाचरीसारखं आत सरकतं. मग काठच्या विहिरी मचूळ होतात. वाशिष्ठीला निदान कोयनेचं अवजल, म्हणजे वीज केल्यावर सोडलेलं पाणी, बारमाही येतं, त्याने खारं पाणी रेटून धरलं जातं. बाकीच्या खाड्यांना उन्हाळ्यात वरून पाणीच नसतं, तिथे काय होत असेल बघा. आणि खारबंधाऱ्याचा पाया उघडा पडला की खाजण जमिनीत पाणी, मग ती भातशेती गेलीच.

पुलाचंही तसंच. खांबाभोवती पुराच्या पाण्याने खळगा पडतोच, त्यात बाजूची वाळू आधीच काढलेली असेल तर पाया लवकर उघडा पडतो.

जांभा
महाडचा सावित्रीवरचा पूल त्यानेच गेला म्हणतात ना?

नकाशावाली
तो २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात गेला, ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल होता, एसटीच्या दोन बस गेल्या. त्याचं खापर मी वाळूवर फोडणार नाही, तेवढ्या लोकांच्या मृत्यूवर अंदाजाने बोलू नये. पण पुलाजवळ उपसा नको हा नियम का आहे ते त्या रात्रीनंतर कोकणात कुणाला समजावून सांगावं लागू नये.

वाशिष्ठीकर
ठीक. छेद घेऊन काढणं आणि मिळेल तिथे काढणं यातला फरक मान्य. पण मग परवाना देताना पण छेद घेऊन द्या.

कायदा_साधा
तेच व्हायला हवं आणि कागदावर ते आहे सुद्धा. २०१२ च्या दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. मग केंद्राची वाळूबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ मध्ये आली, देखरेखीची २०२० मध्ये. त्यात जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल आहे, दरवर्षी किती वाळू परत भरून येते त्याचा अभ्यास आहे. आपल्या जिल्ह्याचा अहवाल मागून वाचायचा अधिकार तुम्हा सगळ्यांना आहे.

चिरेवाला
मी चिरेखाणीतला, म्हणजे जांभा दगडाचे चिरे काढतात तिथला. आमच्याकडे पण हाच प्रश्न. परवाना एकाचा, मशीन दुसऱ्याचं, जमीन तिसऱ्याची. चिरा संपला की सगळे निघून जातात आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चौकोनी हौद राहतो, पावसात भरतो, वर शेवाळ येतं, गुरं पडतात, पोहायला गेलेली पोरं बुडतात. मेलबर्नवाल्यांनी खड्डा बुजवून निघायचं लिहिलं ते वाचून फार वाईट वाटलं, कारण एका फावड्याचा खड्डा तिकडे बुजवतात आणि आमचा हौद कुणाचाच नसतो. आमच्या गावात दोघांनी मात्र खाण संपल्यावर वरची काढलेली माती परत ढकलली, कडेने कुंपण घातलं, आता काजू आहेत तिथे. म्हणजे होतं, करायचं असेल तर. वरची माती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी लागते, नाहीतर शेवटी ढकलायला काही उरत नाही.

काळी_रेती
जरा विषयांतर करतो. काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी रेती चमकते ती धुतली तर सोनं निघेल का? लहानपणापासून विचारायचं होतं.

मेलबर्न_मालवणी
हाहा, मी पण लहानपणी विचारायचो. ते इल्मेनाइट, टायटॅनियमचं खनिज. रत्नागिरीच्या किनाऱ्याला त्याचे साठे आहेत. पण प्रश्न चुकीचा नाही रे. इकडे थाळीत गाळ घेऊन पाण्यात गोल हलवला की हलकी वाळू कडेने वाहून जाते आणि तळाला अशीच काळी रेती उरते, सोनं असलंच तर त्या रेतीत बसलेलं असतं. साधी वाळू पाण्याच्या अडीच पटीहून थोडी जड, इल्मेनाइट पावणेपाच पटीच्या आसपास, सोनं एकोणीस पट. आपली आई सुपात तांदूळ पाखडते तसंच, फक्त वाऱ्याऐवजी पाणी. किनाऱ्यावर ते काम लाटा करतात म्हणून काळे पट्टे दिसतात. लाटांनी केलेलं बघत बस, घरी नेऊ नकोस.

वैनगंगेकडची
माहेर विदर्भातलं, सासर गुहागरचं. आमच्या तिकडे सोनझारी लोक आहेत, पिढ्यानपिढ्या नदीची वाळू धुऊन सोन्याचे कण काढतात. लाकडी पाटी, हात आणि पाणी, दिवसभर वाकून. ते लोक नदीतली जागा ओरबाडत नाहीत कारण पुढच्या वर्षी पुराने तिथेच नवी वाळू येणार हे त्यांना माहीत असतं. आबांनी हातपाटीचं लिहिलं ते वाचून मला तेच आठवलं.

स्लॅबची_चिंता
परवानाधारकाची गिऱ्हाइकाकडे पण जबाबदारी असते की नाही? मी बांधकामावर देखरेख करतो. खाडीची वाळू खारी. न धुता स्लॅबला वापरली की क्षारांमुळे आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, मग सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटून खाली पडतं. घरमालकाला वाटतं सिमेंट वाईट. आपल्याकडच्या दमट हवेत तर आधीच सळईला त्रास. विकताना निदान स्पष्ट सांगा की ही खाडीची आहे, गोड्या पाण्याने धुवा.

पाटीवाला_आबा
मी सांगतो. गाडी भरतानाच सांगतो. पण गाडी पुढे कुठल्या ढिगात रिकामी होते त्यावर माझा ताबा नाही. एक करतो, नदीच्या बाजूची आणि मुखाकडची वाळू एकत्र होऊ देत नाही.

गाडीवाला_राजापूर
हे आमच्याकडे लागतं, मान्य. मी यापुढे चलनावर खाडीची म्हणून लिहून देईन. मला मघाशी जे म्हणायचं होतं ते पुन्हा नीट म्हणतो. काका लोकांना पंपवाला का गाठतो? कारण त्यांचं उत्पन्न पडलंय. २०२३ मध्ये सरकारने डेपोतून सहाशे रुपये ब्रास काढली, २०२५ मध्ये पुन्हा लिलावाचं धोरण आलं, सोबत कृत्रिम वाळूचं पण. दर दोन वर्षांनी खेळाचे नियम बदलले तर हाताने काढणारा टिकणार कसा? खाडीकाठचा, काकांना नाही म्हण हे सगळे सांगतायत आणि बरोबरच सांगतायत, पण त्या महिन्याच्या रकमेच्या जागी काय, ते पण कुणीतरी लिहा.

जांभा
हा प्रश्न टाळू नका कुणी. बरोबर विचारलंय.

माडाखालचो
आमच्या बाजूक दोन-तीन परवानेवाले एकत्र येवन एकच होडी चालवतत. म्हाताऱ्याक पाण्यात उतराक लागणा नाय, तो होडयेर बसान नांगर आणि मोजमाप बघता. वाटणी सारखी. प्रत्येकाचो परवानो वेगळो, म्हणान प्रत्येकाची वाळू वेगळी मोजूक लागता. पैसो कमी, पण रात्री झोप लागता.

कायदा_साधा
असं करताना परवान्यात सोबतच्या कामगारांची नावं नोंदवून घ्या. पाण्यात माणूस गेला, तर पहिला प्रश्न तो कुणाच्या परवान्यावर काम करत होता हाच येतो आणि भरपाई तिथेच येऊन थांबते. पंपावरची मुलं उत्तरेकडून आणलेली असतात, होडीतच राहतात, कित्येकांना पोहता येत नाही. ती सगळी तुमच्या काकांच्या नावाखाली पाण्यात उतरणार, हे काकांना स्पष्ट शब्दांत सांगा. बाकी कायद्यापेक्षा मला ह्याची जास्त काळजी वाटते.

खाडीकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर काका-काकीसमोर धागा मोठ्याने वाचला, मालवणी पण वाचायचा प्रयत्न केला. दंडाचं ऐकून काका विशेष हलले नाहीत, म्हणाले बघून घेऊ. कालवंवाली ताईंचं वाचल्यावर काकी गप्प झाली. आणि पोहता न येणाऱ्या मुलांचं वाचल्यावर काका उठून बाहेर ओटीवर गेले. सकाळी त्यांनी स्वतःच त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगितलं. तो दोनदा परत फोन करून रक्कम वाढवून बघत होता, तिसऱ्यांदा काकीनेच उचलला.

पैशाचं गणित अजून सुटलेलं नाही, गाडीवाले दादा बरोबर बोलले. पण वाडीतले दोन परवानेवाले एकत्र यायला तयार आहेत, काका होडीवर बसून मोजमाप बघतील, पाण्यात मी आणि त्यांची मुलं उतरू. माझं नाव कामगार म्हणून नोंदवायला अर्ज देतोय, पुढच्या हंगामात स्वतःच्या नावाने परवान्याला पण करणार. आबा, एक मदत हवी. तुम्ही वही ठेवता म्हणालात त्यात नेमकं काय लिहिता? तिघांची वाळू वेगळी दाखवायची तर ती नीट हवी.

जांभा
वहीचं आबा कधी म्हणाले? मी वाचलं नाही.

खाडीकाठचा
मला व्यक्तिगत निरोपात म्हणाले होते. इथेच लिहा आबा, सगळ्यांना उपयोग होईल.

पाटीवाला_आबा
साधी शाळेची दोनशे पानी घे, सुटी पानं नकोत. तारीख, ओहोटी किती वाजता लागली, होडीवर कोण कोण होतं, गटातल्या कुठल्या बाजूला नांगर टाकला, किती पाट्या, त्याचे ब्रास किती, कुणाच्या परवान्यावर, गाडीचा नंबर, पास नंबर आणि पासवरची वेळ. होडी गेली नाही त्या दिवशी पण तारीख टाकून "काम बंद" लिहायचं, हे विसरू नको, कारण रात्रीचा कुणी तुमच्या गटात पंप घातला तर त्या दिवशी तुम्ही नव्हता हे त्या ओळीवरूनच दाखवता येतं. आठवड्याने तिघांच्याही सह्या. आणि महिन्याला पानांचे फोटो काढून कायदेवाल्या ताई सांगतील तिथे ईमेल करून ठेव, वही पाण्यात पडते.

कायदा_साधा
खनिकर्म शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा, पोच मागा. आणि तुमच्या गटात दुसऱ्याचा पंप दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवा, फोटोत वेळ आणि जागा येऊ दे. होडीजवळ जाऊन भांडू नका, काठावरूनच काढा.

कालवंवाली
आमच्या बाजूने दिसला तर आम्ही पण कळवू. खाडी कोणती ते मला व्यक्तिगत निरोपात कळव बाबा, शेजारचीच निघाली तर आम्ही ओहोटीला तिथेच असतो.